डेल्फिनाची काहील

डेल्फिना गेल्याचं मला रविवारी कळलं. ती गेली होती गुरुवारी.

त्या सकाळी मी नेहमीसारखा निघालो. मालकाची परवानगीची चिठ्ठी सदऱ्याच्या आत, पाय अनवाणी, काखेत छोटं गाठोडं. आम्ही नवरा-बायको दोघं गुलाम, पण मालक वेगळे; माझ्या मालकाच्या शेतापासून डेल्फिनाच्या मालकिणीचं शेत, स्टिलवाटर, दोन तासांवर. बर्ग नदीला गुडघाभर पाणी होतं. पलीकडे द्राक्षांच्या रांगा, तोडणी होऊन महिना झालेला, पानं तांबडी पडलेली. मी जवळजवळ पळतच होतो, कारण चिठ्ठीसोबत आणखी एक कागद होता. आमची मुलगी लेआ, सोळा वर्षांची, शिवणकामात हुशार, तिला माझ्या मालकानं आपल्याकडे घ्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात मी दोन हंगाम स्टिलवाटरची पिंपं आणि गाड्यांची चाकं करून द्यायची. दोन वर्षं मी मालकाच्या मागे लागलो होतो. हा कागद डेल्फिनाच्या हातावर ठेवायचा आणि तिचा चेहरा बघायचा, एवढंच डोक्यात होतं.

फाटकाशी आया ग्रीत बसली होती. ही गोठा सांभाळते. या खोऱ्यात गोऱ्यांचं पहिलं घर उभं राहायच्या आधी इथे तिच्या बापाची गुरं चरत. आता ती दुसऱ्याच्या गाई पिळते, भाकरी आणि तंबाखूवर. मला बघितलं की दर वेळी म्हणायची, "आला का रविवारचा नवरा?" आणि बाकीच्या बाया हसायच्या. त्या दिवशी ती सरकून बसली आणि बाजूची जागा हातानं पुसली.

मी बसलो नाही. तेव्हा तिनं सांगितलं.

कुंपणाच्या भिंतीमागे मातीचा उंचवटा होता. त्यावर कुणी तरी पांढरा गोटा ठेवला होता. मला निरोप का नाही दिला, असं मी विचारलं. ग्रीत म्हणाली, मालकीणबाई म्हणाल्या रविवारी येणारच आहे तो, त्याच्यासाठी कामाचा एक दिवस कशाला मोडायचा.

 कागद सदऱ्यात होता. घामानं ओला झाला होता.

मग ग्रीत म्हणाली, "योनास, चल. काहील बघ. अजून गरम आहे."

काहील म्हणजे साबणाची मोठी लोखंडी कढई. स्टिलवाटरला साबण डेल्फिनाच करायची. मेंढीच्या शेपटीची चरबी, वर झुडपांच्या राखेचं खारं पाणी, खाली जाळ, आणि तीन दिवस ढवळणं. त्या कामाची एक रीत होती. ढवळायचं वल्हं एका बाईनं दुसरीच्या हातात द्यायचं ते नाव घेऊन. "क्लारा, घे." समोरचीनं म्हणायचं, "घेतलं." नाव न घेता वल्हं हलवलं की साबण फाटतो. आणि काहील चुलीवर असेपर्यंत त्या घरचं अन्न खाणाऱ्यानं प्रवासाला निघायचं नाही, नाही तर साबण कधीच घट्ट होत नाही. आमच्यातल्या बायका म्हणत ही मालकिणींकडची रीत. मालकीणबाई म्हणत ही या बायकांनी जहाजातून आणलेली. पाळत मात्र दोघीही.

मंगळवारी मालकीणबाईंच्या मुलीचं, आनेकेचं, लग्न झालं होतं. गुरुवारी ती नवऱ्याबरोबर डोंगरापलीकडे जायची होती, नऊ दिवसांची वाट. मुलीला दिलेल्या वस्तूंत सहा चादरी होत्या, पितळी शेगडी होती आणि आमची लेआ होती. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी कागदासाठी जिवाचं रान केलं. पण कागद हातात येणार शनिवारी आणि गाडी निघणार गुरुवारी.

म्हणून डेल्फिनानं बुधवारी पहाटे काहील चढवली. लग्नाला कापलेल्या मेंढ्यांची चरबी पडलीच होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. पण पंधरा दिवस तिच्या अंगात ताप होता. तरी तिनं वल्हं कुणाला दिलं नाही. साबण घट्ट होऊ लागला की मालकीणबाईंचं लक्ष नसताना एक ओगराळं पाणी ओतायची. क्लारा तिच्याबरोबर धुणं करते, तिनं हे पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "मी म्हटलं दे इकडे, बस जरा. तर म्हणाली, तू गरीब आहेस, तुला ओरडल्या की तू पूर्ण करून टाकशील. रविवारपर्यंत मीच बघते."

गुरुवारी दुपारी ती खाली बसली आणि बसलेलीच राहिली. वल्हं काहिलीत उभं होतं. तिनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

धुण्याच्या ओढ्याजवळ एक शेड आहे, तिथे काहील होती. मी चुलीत हात घातला. राख गार. काठीनं खालची मातीही उकरली, तीही गार, ओलसर. मग काहिलीच्या लोखंडाला हात लावला आणि मागे घेतला. नुकती उतरवल्यासारखी तापलेली.

मी लाकडावर काम करणारा माणूस आहे. जाळावर फळ्या वाकवतो. कोणती वस्तू किती वेळ ऊब धरते हे मला कळतं. जाडजूड लोखंड भरलेलं असलं तर अर्धा दिवस धरेल. दोन-तीन दिवस नाही. मी म्हटलं, कुणी तरी गुपचूप जाळ करत असेल. पण मग राख गरम हवी. मी म्हटलं, खाऱ्या पाण्याचीच ऊब असेल. मग इतकी वर्षं ती कुणाला कशी जाणवली नाही?

मी गवताची काडी घेतली आणि वर टाकली. वारा नव्हता. काडी थोडी थांबली, मग डावीकडे निघाली. हळूहळू, कडेकडेनं. पूर्ण फेरा मारून माझ्यासमोर आली आणि पुढे गेली.

सगळ्या बाया उजवीकडे ढवळतात. डेल्फिना डावरी होती. वल्हं मीच केलं होतं तिच्यासाठी, रानऑलिव्हच्या लाकडाचं, मूठ डाव्या हाताच्या मापानं घासलेली.

 खरं सांगतो, भीती वाटली नाही. बाहेरून आल्यावर घरातून ओळखीचा आवाज ऐकू यावा, तसं झालं.

क्लारा शेडच्या बाहेरच उभी होती. शुक्रवारी मालकीणबाईंनी तिला ढवळायला लावलं होतं. मोठा जाळ करून ती दुपारपर्यंत ढवळत होती. साबण घट्ट व्हायचा आणि पुन्हा पातळ व्हायचा. मी विचारलं, वल्हं धरल्यावर काय वाटलं? तिनं आधी हात पुसले.

"काही वाईट नाही वाटलं," ती म्हणाली. "धुताना ती कशी कोपरानं मारायची, सरक म्हणून. तसं."

दुपारी मी मालकीणबाईंकडे गेलो. ओसरीच्या पायरीखाली उभा राहून कागद दिला. बाई विधवा आहेत, कारभार स्वतः बघतात, वाचता येतं. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या की लेआ आनेकेला दिलेली आहे, दिलेली वस्तू परत मागायची नसते. डेल्फिनाबद्दल म्हणाल्या, चांगली बाई होती. मग म्हणाल्या, गाडीच्या मागच्या चाकाच्या मधला तुंबा बघून ठेव, तुझ्या मालकाला मी कळवते, मंगळवारपर्यंत थांब.

जावई आत जेवत होता. व्हिलेम त्याचं नाव. त्यानं तिथूनच विचारलं, एका साबणासाठी त्याचे बैल किती दिवस फुकट चारा खाणार?  मालकीणबाई शेडकडे बघत होत्या.

लेआ मला विहिरीपाशी भेटली. रडली नाही. रडून झालं होतं. तिनं माझा हात धरून ठेवला आणि सांगितलं की काल संध्याकाळच्या प्रार्थनेला मेणबत्त्या जळेनात. वात पेटायची, फसफसायची आणि विझायची. एकामागून एक आठ. मालकीणबाईंनी प्रार्थना अंधारात संपवली.

तिनं एक तुकडा एप्रनच्या खिशात ठेवला होता. इथे मेणबत्त्याही शेपटीच्या चरबीच्याच असतात. मी तो नखानं खरवडला, बघितला, वास घेतला. मग विहिरीच्या बादलीत बोटं बुडवून त्यावर चोळली.

फेस आला. पांढरा, दाट, बोटांच्या मधून वर येणारा.

तो साबण होता. पातळ नाही, फाटलेला नाही. डेल्फिना करायची तसा, कडक आणि चांगला.

मी हसलो. बायको जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी विहिरीपाशी उभा राहून हसलो. लेआनं माझ्याकडे बघितलं आणि तिलाही हसू आलं. आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून उभे होतो.

सोमवारी स्वयंपाकघरातलं लोणकढं तूपही साबण झालं. धुरावर टांगलेल्या चरबीच्या शेपट्याही तशाच गेल्या. आदल्या रात्री तळलेली वडी व्हिलेमनं तोंडात घातली आणि थुंकली. अख्ख्या शेतावर पावलं भराभर पडत होती. द्राक्षमळ्यातले गडी काम नसताना ओढ्यावर येऊन जात. आया ग्रीत सकाळपासून शेडसमोर बसून होती, दूध काढायलाही उठली नाही. मी तिला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, तिला कसं माहीत असणार, साबण तिच्या लोकांत नव्हताच, तो या लोकांनी आणला.

काहिलीतला साबण तेवढा होत नव्हता. तसाच, पातळ, गरम, डावीकडे फिरणारा.

मंगळवारी व्हिलेमनं गाडी जोडायला लावली.

मी आदल्या दिवशी चाकं तपासली होती. तुंबा घट्ट, आख सरळ, खिळी नव्या. वंगण मी स्वतः भरलं, चरबी आणि डांबर. चरबी शेजारच्या शेतावरून आणलेली. मी काही खोटं केलं नव्हतं. करायचं मनात आलं होतं, हेही सांगतो. पण चाक तोडलं तर आधी माझी पाठ सोलतील आणि मग चाक दुरुस्त करतील, हे मला माहीत होतं.

आनेके पुढे बसली. लेआ मागे, पेट्यांवर, तोंड आमच्याकडे करून. आंघोळ करून तिनं आईचा रुमाल डोक्याला बांधला होता. क्लारा दाराआड उभी होती.  बैल चालायला लागले.

फाटकापर्यंत ऐंशी पावलं आहेत.

मागचं डावं चाक फाटकाच्या अलीकडे निघालं. मोडलं नाही. आखावरून अलगद सरकलं, खीळ वाकवून, आणि दोन हात पुढे जाऊन आडवं पडलं. व्हिलेम माझ्यावर धावून आला. मी गुडघ्यावर बसलो, आखावरून बोट फिरवलं.

डांबराच्या काळ्या रेघांत पांढरा, गुळगुळीत साबण.

मी बोट त्याच्यापुढे धरलं. त्यानं चाबूक खाली घेतला.

आख पुसून, नवं वंगण भरून, दुसऱ्यांदा. या वेळी साठ पावलं. उजवं चाक.

तिसऱ्यांदा चाळीस.

व्हिलेम शेडकडे निघाला. काहील उलटवा म्हणाला. चार गड्यांनी दांडे कड्यांत घातले आणि तसेच उभे राहिले. कुणी नाही म्हणालं नाही. कुणी उचललंही नाही.

"ओतायची नाही," ओसरीवरून मालकीणबाई म्हणाल्या. आवाज लहान होता. "व्हिलेम, लेआला उतरव."

लेआ उतरली. आपल्या पायांनी, हळू, पेटीला धरून. तिचा पाय जमिनीला लागला तेव्हा मी श्वास सोडला.

चौथ्यांदा गाडी फाटकातून गेली, नदीतून गेली, पलीकडच्या चढावर लहान होत दिसेनाशी झाली. जाताना व्हिलेम सासूला एवढंच म्हणाला होता, "साबण झाला की पोरगी पाठवून द्या."

त्या संध्याकाळी माझी परतायची वेळ झाली. मी शेडमध्ये एकटा गेलो. वल्ह्याच्या मुठीला हात लावला. ती कोमट होती, आत्ताच कुणी सोडल्यासारखी. मी म्हणालो, "डेल्फिना, झालं. दे आता माझ्याकडे." वाट बघितली. मूठ माझ्या हातात वळली आणि काहिलीच्या कडेनं पुढे गेली.

मला कुणी नाव घेऊन दिलं नाही. मी हात काढला.

मागे लेआ उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, तिला दमायला होत असेल का?"

 डेल्फिना जहाजातून आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तेव्हापासून एक दिवस ती रिकाम्या हातानं बसलेली मी बघितली नाही. मेल्यावर तरी हात थांबावेत असं मला वाटतं. आणि थांबू नयेत असंही वाटतं. मी दोन्ही खरंच इच्छितो, आणि याची मला लाज वाटते.

इथली थंडी मे-जूनपासूनची, आणि तिचा पाऊस यंदा लवकर आला. जूनमध्ये मालकीणबाईंनी माझ्या मालकाकडे माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. या वेळी त्यांनी मला ओसरीवरून आत घेतलं, बाकावर बसवलं. असं कधी झालं नव्हतं. त्या वाळल्या होत्या. क्लाराला त्यांनी बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

टेबलावर स्वच्छ पाण्याचं घमेलं होतं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घातले. काही चोळलं नाही. नुसते धरले.

पाणी हळूहळू पांढरं झालं. मनगटाभोवती फेस धरला, वर आला, घमेल्याच्या काठावरून टेबलावर उतरला.

त्यांनी हात बाहेर काढून मला दाखवले. तळव्यावर रेषा नव्हत्या. बोटांची पेरं गुळगुळीत झाली होती, रोज वापरातल्या वडीच्या कडा होतात तशी.

"तू तिचा नवरा आहेस," त्या म्हणाल्या. "तू पूर्ण कर. मग लेआ तुमच्याकडे. मी लिहून देते."

"आधी लिहून द्या," मी म्हणालो. मालकिणीशी मी असं कधी बोललो नव्हतो. मला ओरडावंसं वाटत होतं, आनंदानं.

"आधी साबण," त्या म्हणाल्या. "लिहून दिल्यावर तुम्ही लोक कशाला ऐकाल?"

मी तोच कागद काढून टेबलावर ठेवला, घामाचे डाग पडलेला. खाली त्यांच्या नावाची जागा रिकामी आहे. दौत तिथेच होती. त्यांनी कागदाकडे बघितलं, फेसाकडे बघितलं. मग दार उघडलं आणि मला जायला सांगितलं.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. आया ग्रीत पुन्हा म्हणायला लागली आहे, "आला का रविवारचा नवरा?" मी शेडमध्ये काहिलीजवळ बसतो, लेआ शिवण घेऊन येते, आम्ही इकडचं तिकडचं बोलतो. तिथे ऊब असते. मी निघताना एक काडी टाकतो आणि ती फेरा पूर्ण करेपर्यंत थांबतो.

मालकीणबाई पावसात बाहेर पडत नाहीत. हात धुणं त्यांनी सोडलं आहे. क्लारा सांगते, त्यांची लग्नाची अंगठी आधी बोटातून सुटायला लागली, मग त्यांनी ती अंगठ्यात घातली. मागच्या रविवारी ती दोऱ्यात ओवून गळ्यात होती.

कागद टेबलावर तसाच आहे. त्यावर सही झालेली नाही. साबण अजून झालेला नाही.